जागा अपुरी पडल्यास

फॉर्मच्या तळाशी 'जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा' ही एक ओळ छापलेली नसती, तर आज माझं लग्न झालेलं असतं. लोक आपल्या दुर्दैवाला नाना कारणं देतात. आमच्या घरात तीही सोय नाही. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे पत्रिका, गुण, मंगळ, शनी हे सगळं बंद झालं. चांगलंच झालं. फक्त एखाद्याचं लग्न जमलं नाही, तर दोष द्यायला एकही ग्रह हाताशी राहत नाही. मी तो दोष त्या ओळीला देतो.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. मी साकोलीला एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण माझ्या पेन्शनची फाइल अजून तिथेच आहे. वय एकोणतीस, नोकरी पक्की, डोक्यावर केस पुरेसे. तुमसरला माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ केशवराव, राहत. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. आईबाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे माझं लग्न हा त्यांच्या दृष्टीने एक अपुरा राहिलेला अभ्यासक्रम होता. त्यांनी नागपूरहून समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचा फॉर्म मागवला आणि मला पाठवून दिला. नाव, वय, उंची, पगार लिहून झालं. शेवटी 'अपेक्षा' असा रकाना होता. रुंदी दोन बोटं.

आता खरं सांगायचं तर माझ्या अपेक्षा दोन बोटांत मावल्या असत्या. माझ्या टेबलापासून आठ पावलांवर, खिडकीजवळ, विमलाबाई बसायच्या. कचेरीच्या टायपिस्ट. रोज सकाळी एकोडीहून बसने यायच्या, संध्याकाळच्या बसने जायच्या. जाड काचांचा चष्मा, कमी बोलणं, आणि पानभर टायपिंगमध्ये खाडाखोड शून्य. दोन वर्षं मी त्यांना रोज मसुदे देत होतो आणि त्या ते परत देत होत्या. एवढाच आमचा संसार. पण एखाद्या दिवशी त्या रजेवर असल्या की मला मसुदा सुचत नसे.

थेट विचारावं, असं कोणीही म्हणेल. पण नऊ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला थेट काही विचारता येत नाही. त्याला सगळं योग्य त्या मार्गाने करावं लागतं. म्हणून मी स्वतंत्र कागद घेतला आणि त्यावर चार अपेक्षा लिहिल्या. मुलगी मॅट्रिक असावी, टायपिंग येत असल्यास उत्तम. नोकरी करणारी चालेल. चष्मा चालेल. कमी बोलणारी असावी, पण बोलेल ते खरं बोलणारी असावी. हा कागद टायपिंगला विमलाबाईंकडेच जाणार होता. म्हणजे त्या वाचणार, ओळखणार, आणि मग त्या काहीतरी बोलणार. त्यांनी काय बोलायचं, हे मात्र मी त्यांच्यावर सोडलं होतं.

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला.

"घाई आहे का जी?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही," मी म्हणालो, "घाई काहीच नाही. सावकाश होऊ द्या."

या उत्तरावर मी त्या दिवशी मनातून फार खूश होतो. किती सभ्य, किती संयमी! संध्याकाळी त्यांनी दोन स्वच्छ प्रती माझ्या टेबलावर ठेवल्या. काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मी वाट पाहायची ठरवली.

वाट पाहताना हात रिकामे नसावेत म्हणून मी एक चूक केली. मोठेबाबांना वाईट वाटू नये, म्हणून एक प्रत त्यांच्याकडे पाठवली. वर कोपऱ्यात सवयीने लिहिलं, 'अवलोकनार्थ व अभिप्रायार्थ.' नुसतं अवलोकनार्थ लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण ज्या मास्तराने तीस वर्षं वह्या तपासल्या, त्याच्याकडे अभिप्राय मागितला की तो लाल शाई काढणारच.

आठव्या दिवशी कागद तुमसरहून परत आला. 'टायपिंग' खोडलेलं. 'नोकरी करणारी चालेल' याच्यापुढे प्रश्नचिन्ह. 'चष्मा चालेल' याच्यावर दोन रेघा आणि बाजूला शेरा, 'चष्मा नको. पुढची पिढी बिघडते.' हा शेरा लिहिताना मोठेबाबांनी स्वतःचा चष्मा घातलेला असणार यात मला शंका नाही, कारण त्याशिवाय त्यांना लाल दौत आणि चहाचा कप यांतला फरक कळत नाही. खाली पाच नव्या अटी होत्या. रंग उजळ, उंची पाच फूट दोन इंच, अक्षर वळणदार वगैरे.

मी तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. पण ज्या कागदावर वडीलधाऱ्याचा शेरा पडला, तो फाडायचा कसा? शेरा विचारात घेऊन दुसरा मसुदा तयार करणं एवढंच मला येत होतं. 'चष्मा नको' हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि तो कागद आठ पावलं चालून विमलाबाईंच्या टेबलावर ठेवला. वाटलं, त्यांना कळेल की हे माझं मत नाही. शेरा लाल शाईतला होता, पण दुसरा मसुदा माझ्या निळ्या शाईतला होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी या वेळी घाईचं विचारलं नाही.

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या बायजाबाईंना या दुसऱ्या मसुद्याची प्रत सापडली. उशीखाली ठेवलेली वस्तू बायजाबाईंना सापडतेच. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच ती मोठ्याने वाचायला लावली आणि मग डोक्याला हात लावला.

"सारं लिहिलं गा, अन् रोवणा कुठी हाय? पोरीले धान रोवता यायले नाही पाहिजे का? हात चिखलात गेला नाही ते बाई कायची?"

"बायजाबाई, माझ्याकडे धानाची एक बांधीसुद्धा नाही."

"होते ना बाप्पा! बायको आली का बांधी होते. लिहून टाक. अन् झिंगे निवडता आले पाहिजे, थेही लिहून टाक. मागची भाडेकरीण झिंग्यात रेती ठेवे."

मी रोवणाही लिहिला आणि झिंगेही, म्हणजे बारीक कोळंबी. भाडं वाढवलं असतं त्यांनी.

तिसरा मसुदा बडेबाबूंनी पाहिला. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. माझ्या टेबलावरचा कोणताही कागद वाचणं ही ते आपली जबाबदारी समजत.

"सुखराम, हे टेंडर आहे असं समजून चाल," ते म्हणाले. "अटी ढिल्या ठेवल्या तं कोणीही घुसून राहते. कडक ठेव. पोरीचा भाऊ नोकरीत पाहिजे, पण बदलीच्या खात्यात नको. बाप जिवंत पाहिजे, पण तुझ्याकडे येऊन राहणारा नको."

आमचा शिपाई चिंधू स्टूलवर बसून ऐकत होता. पन्नाशीचा, सहा पोरांचा बाप. तो म्हणाला, "एक माझंही लिहा जी. पोरगी हसतमुख पाहिजे. घरी गेल्यावर आपल्याकडे पाहून कोणी तं हसलं पाहिजे."

"मोघम आहे," बडेबाबू म्हणाले, आणि ती अट नामंजूर झाली. दुसऱ्यांनी सुचवलेल्या अटींपैकी नामंजूर झालेली तेवढी एकच.

पाचव्या मसुद्यापर्यंत अटी एकोणीस झाल्या. अट अकरा प्रमाणे मुलगी अबोल असायला हवी होती आणि अट चौदा प्रमाणे पाहुण्यांशी मनमोकळं बोलणारी. यातली एकही अट आता माझी राहिली नव्हती. आणि प्रत्येक मसुदा विमलाबाई खाडाखोड न करता टाइप करून देत होत्या. मी रोज ठरवत होतो, उद्या बोलू. पण एकोणीस अटींचा कागद समोर असताना बाईला काय सांगणार? की यातलं काहीच मला नको, फक्त जे खोडलं तेवढंच हवं?

एवढ्यात दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. ज्याच्या गावची मंडई, त्याच्या घरी सगळीकडचे पाहुणे. आपण मुलगी पाहायला आलो असं तिथे कोणी म्हणत नाही, जिलेबी खायला आलो म्हणतात. पसंती झाली तर बोलणी, नाही तर जिलेबी खाऊन घरी. कोणाचा मान जात नाही. मोठेबाबांचं पत्र आलं, 'एकोडीच्या मंडईत आपल्या व्याह्यांकडे जायचे आहे. समाजाचे बरेच लोक येतील. यादीच्या पन्नास प्रती काढून आण. तोंडी सांगण्यात वेळ जातो.'

पन्नास प्रती म्हणजे स्टेन्सिल कापणं आलं. विमलाबाईंनी जेवणाच्या सुट्टीत ते कापलं.

"पन्नास?" त्यांनी एवढंच विचारलं.

"मोठेबाबा म्हणतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चिंधूने प्रती काढल्या. त्याच दिवशी कचेरीचं एक परिपत्रक बेचाळीस ग्रामपंचायतींना जायचं होतं. विषय, गावतलावांतील गाळाबाबत माहिती सादर करणे. सोबत, विवरणपत्र. परिपत्रकाच्या मागे विवरणपत्र टाचून पाठवायचं, बाकीची गठ्ठ्यात बांधायची, असं काम. एक गठ्ठा टपालात गेला, एक मी पिशवीत घातला.

एकोडीच्या मंडईत दुपारी तीनला आम्ही पोचलो. मांडवात दंडारीच्या खेळाची ढोलकी वाजत होती, जिलेबीच्या कढईभोवती गर्दी होती. मोठेबाबांनी धोतर झटकलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. "अट घालणाऱ्यानेच चष्मा लावून फिरणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. मग पिशवीतला गठ्ठा सोडून त्यांनी उपवर मुलींच्या बापांना एकेक कागद द्यायला सुरुवात केली. मी दोन पावलं मागे, नव्या शर्टात, मान खाली घालून उभा होतो.

एका गृहस्थांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने वाचू लागले. "'मागील गाळ कोणत्या वर्षी काढला? सध्या गाळाची खोली किती? गाळ वाहून नेण्यास किती बंड्या लागतील?'" त्यांनी कागद खाली केला. "गुरुजी, हे पोरीबद्दल विचारून राहिले का तुम्ही?"

"होय," मोठेबाबा ठामपणे म्हणाले; ढोलकीत त्यांना शेवटचाच प्रश्न ऐकू आला असावा. "सगळं खरं खरं भरा. लपवाछपवी आपल्याले चालत नाही. मागाहून कटकट नको."

गृहस्थांची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत होती की हसत होती हे मला कळलं नाही. मला एवढंच कळलं, की गाळाची विवरणपत्रं इथे आहेत, म्हणजे माझ्या एकोणीस अटी या घटकेला बेचाळीस गावांत पोचल्या आहेत. शासकीय परिपत्रकासोबत. पंधरा दिवसांत माहिती सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील, अशा तंबीसह. मी एका खांबाआड सरकलो.

"जयभीम साहेब," कोणीतरी म्हणालं.

तिशीतला एक माणूस होता. हातात माझीच यादी. तो परसराम, एकोडीला तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेला ग्रामसेवक. मला कचेरीत त्याने पाहिलेलं होतं.

"हे तुमच्या कचेरीचं पत्र आलं जी. तलावाले अबोल अन् मनमोकळं दोन्ही कसं लिहू, थे समजून नाही राहिलं." तो हसत होता, पण कुजकं नव्हे. "पण एक गोष्ट मानली. एकोणीस कलमं, अन् एक अक्षर चुकलं नाही. कोणी टाइप केलं हो?"

त्या वेळी माझी एकच इच्छा होती, की हा माणूस माझ्यासमोरून जावा. समोर बांगड्यांच्या दुकानापाशी विमलाबाई वहिनीसोबत उभ्या होत्या. मी हात करून दाखवलं.

"त्या आमच्या टायपिस्ट. त्यांनाच विचारा."

तो गेला. त्याने कागद दाखवून काहीतरी विचारलं, आणि विमलाबाई हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी जिलेबी न खाताच साकोलीला परतलो.

पुढच्या पंधरवड्यात कचेरीत उत्तरं येऊ लागली. ग्रामसेवकाला पत्रातला मजकूर कळो न कळो, उत्तर द्यायची पद्धत त्याला पक्की माहीत असते. 'संदर्भीय पत्रान्वये सादर करण्यात येते की, या ग्रामपंचायत हद्दीत वरील वर्णनाची मुलगी उपलब्ध नाही. माहिती निरंक.' रोज टपालात चार-पाच निरंक. बडेबाबू प्रत्येकावर आवकचा शिक्का मारून, मोठ्याने वाचून माझ्या टेबलावर ठेवत. एका गावाने धानकापणी चालू असल्याने मुदतवाढ मागितली. एकाने विचारलं, माहिती किती प्रतींत पाठवायची. शेवटी त्या दोघांचंही निरंकच आलं. आणि एका टोकाच्या गावाने कळवलं, 'एक मुलगी अटींत बसत होती, तथापि सदर मुलीने अटी वाचून नकार दर्शविला आहे, सबब निरंक.'

माणसाला नकार मिळतात, हे मी ऐकून होतो. पण आख्ख्या तालुक्याने जावक क्रमांक टाकून, सहीशिक्क्यानिशी नकार दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती. वाटलं, आता निलंबन. त्यांनी बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "झिंगे म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी फाइल मिटली.

"हे बघा, पत्रांना आवक क्रमांक पडलेत. आता ही फाडता येत नाहीत. रीतसर गोषवारा करा, गावनिहाय, शेवटी बेरीज, आणि फाइल बंद करा. तुम्ही स्वतः करा."

मी गोषवारा करायला घेतला. बेचाळीस गावं, बेचाळीस ओळी. एक्केचाळीस ठिकाणी माझ्याच अक्षरात 'निरंक' लिहिलं. एवढं लिहिल्यावर त्या शब्दाचा अर्थ अंगात भिनतो. फक्त एकोडीचं उत्तर यायचं राहिलं होतं. नियमाप्रमाणे स्मरणपत्र पाठवायला हवं. मी ते लिहिलं आणि आठ पावलं चालून गेलो. या वेळी बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, मग आणखी काय जाणार होतं?

"विमलाबाई," मी म्हणालो, "एकोडीला एक स्मरणपत्र आहे. आणि मला थोडं..."

"एकोडीले नाही लागत जी," त्या म्हणाल्या. त्यांनी खण उघडला आणि एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "येत्या रविवारी साक्षगंध आहे. परसरामजींसोबत. तुम्ही नक्की यायचं. तुमच्यामुळेच ओळख झाली."

मी साखरपुड्याचं ते पाकीट हातात घेतलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "त्यांच्या... त्यांच्या काही अपेक्षा?"

"काही नाही. त्यांनी इतकंच विचारलं, चष्मा कधी लागला. मी सांगितलं, सातवीत. अंगणात धान वाळत घातलं होतं, अन् त्यावरचे पाखरं मले दिसेनात, तेव्हा. तं म्हणाले, मग आता दिसतात ना, झालं."

मग त्यांनी खणातून आणखी एक कागद काढला. माझा पहिला मसुदा, माझ्या हाताचा. चार ओळी. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एक बारीक खूण केलेली होती, आपण जुळवणी करताना करतो तशी. चारही ओळींपुढे.

"हा तुमचाच आहे. मूळ मसुदा जपून ठेवायचा असतो, म्हणून ठेवला होता. आठ दिवस वाट पाहिली मी. मग दुसरा आला."

"तुम्ही काहून नाही बोलल्या?" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी घरच्या बोलीत बोललो.

त्यांनी चष्मा वर सरकवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मोठेबाबांकडे अभिप्रायाले गेला, बडेबाबूंनी पाहिला, चिंधूलेही विचारलं तुम्ही. माझ्याकडे तो फक्त टायपिंगले येत होता जी."

एवढं बोलून त्यांनी मशीनमध्ये दुसरा कागद चढवला. कोणाचं तरी रजेचं प्रकरण होतं. मी माझ्या टेबलाशी परत आलो. साहेबांना गोषवारा संध्याकाळपर्यंत हवा होता. एकोडीच्या ओळीवर बराच वेळ लेखणी धरून बसलो. मग 'एक' लिहिलं, खाली रेघ मारली आणि बेरीज केली. बेचाळीस गावांची बेरीज एक आली. ती बरोबर आहे का, हे मी दोनदा तपासून पाहिलं.